पंख्याच्या होडीतला दहावा

आमच्या घरात शांतता म्हणून कधी नव्हती. अण्णांचं वेल्डिंगचं शेड आणि आईचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही एकेरी विटेची. पलीकडे ग्राइंडर सुरू झाला की अलीकडे मांडणीतली भांडी थरथरायची. आई नेमकी त्याच वेळी भाकऱ्या थापायला बसायची, आणि अण्णा जेवायला आले की म्हणायची, "तुमच्या त्या मशीनीपायी माझी भाकरी बी घाबरून फुगत न्हाई." भाकरी टम्म फुगलेली असायची. अण्णा ती फोडून वाफ बाहेर जाऊ देत आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांत बुडवून खात. शेंगोळे त्यांना लागायचेच. लसूण जास्त, रस्सा दाट, आणि वर कच्चं तेल. तेलाची धार जरा कमी पडली तर ते काही बोलत नसत, नुसते ताटाकडे बघत बसत.

आवाजामुळे आम्ही तिघंही हातांनी बोलायला शिकलो होतो. कुणी शिकवलं नाही, आपोआप झालं. दोन तळवे एकमेकांवर थापले की जेवण तयार आहे. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. डोक्यावर टोपी सारखी केली की पाहुणे आलेत, आणि टोपी करून नाक मुरडलं की नको असलेले पाहुणे आलेत. आई दारात उभी राहून या खुणा करायची आणि अण्णा काळा चष्मा कपाळावर सरकवून उत्तर द्यायचे. रागसुद्धा हातांनीच चालायचा, आणि तोंडाच्या भांडणापेक्षा तो लवकर मिटायचा. आता माझ्या दोन्ही कानांत मशीन आहे. नातवंडं हसतात, म्हणतात आजी मोबाईलवर बोलतानासुद्धा हातवारे करते, पलीकडच्याला काय दिसणार आहे. त्यांना काय सांगायचं, मला बोलणं आधी हाताचं आलं आणि मग तोंडाचं.

गाव मुळा धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. हिवाळा सरता सरता पाणी मागं हटायचं आणि मैलभर नुसता गाळ उघडा पडायचा. त्यात माणूस उतरला तर मांडीपर्यंत रुतणार, आणि साधी होडी घातली तर ती तिथंच बसणार. म्हणूनच पक्षी मात्र तिथं सुखात असायचे. चमचे, शेकाटे, चक्रवाक, आणि एखाद्या वर्षी रोहितांचा गुलाबी थवा. नगर-पुण्याकडचे लोक दुर्बिणी घेऊन काठावर उभे राहायचे आणि लांब ठिपके बघून परत जायचे. अण्णांना ते बघवेना. त्यांनी टीव्हीवर कुठल्याशा परदेशातल्या दलदलीतली होडी बघितली. तळ सपाट, पाण्यात बुडणारं वल्हं किंवा चक्र काही नाही, आणि मागं हा एवढा पंखा. पंखा हवा मागं फेकतो आणि होडी पाण्यावरून, गवतावरून, चिखलावरून सरळ सरकत जाते. मग वर्षभर आमच्या शेडमध्ये दुसरं काही झालं नाही. भंगारातल्या गाडीचं इंजिन आलं, अॅल्युमिनियमचे पत्रे आले, लाकडी पाती कुठूनशी बनवून आणली. पंख्याभोवतीची लोखंडी जाळी अण्णांनी स्वतः विणल्यासारखी जोडली. पहिल्यांदा पंखा फिरवला तो अंगणात, होडी दोन बाभळींना बांधून, आणि आईनं वाळत घातलेल्या सगळ्या कुरडया शेजाऱ्यांच्या उसात जाऊन पडल्या. आईनं दोन दिवस अण्णांशी हातानंसुद्धा बोलणं टाकलं होतं.

मग अण्णा त्या लोकांना पक्षी दाखवायला नेऊ लागले, फेऱ्या लहानच असायच्या. अर्ध्या तासात जाऊन यायचं. पुढच्या बाकावर माणसं, त्यांच्या मागं उंच खुर्चीवर अण्णा, आणि अण्णांच्या पाठीशी तो पंखा. आवाज असा की छातीच्या आत काहीतरी फडफडतंय असं वाटावं. पहिल्यांदा आलेले लोक हमखास हिरमुसायचे, कारण होडी जवळ गेली की सगळे पक्षी उडून जात. अण्णा मग इंजिन बंद करायचे आणि हात आडवा करून सगळ्यांना गप्प बसवायचे. "आता कुनी बोलू नका. आपन हाय हे त्यांना इसरू द्या." आणि खरोखर, गाळावर सावकाश एकेक पाय टेकायला लागे. आधी शेकाटे, मग बगळे, मग बाकीचे. लोक श्वास धरून बसत. परत आल्यावर आई त्यांना पिठलं-भाकरी वाढायची. आई स्वतः मात्र होडीत एकदाही बसली नव्हती. तिला पाण्याकडे बघितलं की भोवळ यायची.

मला चालवायला अण्णांनीच शिकवलं, बारावीच्या सुट्टीत. उजवा पाय दाबला की वेग, आणि डाव्या हाताला एक उभा दांडा, त्यानं दिशा. दांडा खुर्चीच्या कडेला खाली असल्यामुळे काठावरून चालवणाऱ्याचा हात दिसतसुद्धा नाही. तिला ब्रेक नाही आणि मागं जाणं नाही. वळायचं असेल तर वारा लागतो, म्हणजे पाय दाबलेलाच ठेवावा लागतो. मी घाबरले की पाय उचलायचे, आणि पाय उचलला की होडी वळायची नाही, सरळ समोरच्या बाभळीवर जायची. अण्णा ओरडायचे, "भ्यायली की पाय काढू नको शितले, भ्यायली की जरा जास्तच दाब!" गाळात बसलेली होडी कशी सोडवायची, ते त्यांनी मला एकदाच दाखवलं. म्हणाले, पुन्हा कधीतरी दाखवीन.

ते पुन्हा आलं नाही. शेडमध्ये काम करता करता ते खाली बसले आणि उठलेच नाहीत. नगरच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. डोळे उघडे होते. आत एकालाच सोडायचे, म्हणून आई आत आणि मी व नाना बाहेर जिन्यावर. नाना म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. आई बाहेर आली की तिचा चेहरा बघायची मला भीती वाटायची. ती रडत नव्हती. ती म्हणायची, "कायतरी सांगत्यात. हात हालिवत्यात. सारखं सारखं." आणि मग तो हात करून दाखवायची. मूठ अर्धी मिटलेली, पुढं न्यायची, मागं आणायची, पुन्हा पुढं, पुन्हा मागं. पाणी दिलं, तरी तेच. पांघरूण काढलं, तरी तेच. देवाचा अंगारा लावला, माझं नाव घेतलं, तरी हात थांबेना. शेवटी तो आपोआप थांबला.

ज्या माणसाशी जन्मभर हातांनी बोललो त्याची शेवटची खूण आपल्याला कळली नाही, हे आईच्या डोक्यात जाऊन बसलं. पुढचे नऊ दिवस ती वेड्यासारखी झाली. भेटायला आलेल्या प्रत्येकाला ती तेच विचारायची. नमस्कार नाही, रडणं नाही, समोर बसायची आणि उजव्या हाताची मूठ पुढं-मागं करून म्हणायची, "हे काय आसंल वो? सांगा की. तुमाला काय वाटतं?" कुणी म्हटलं, ताक घुसळल्यासारखं वाटतं. कुणी म्हटलं, माळ ओढत असतील, देवाचं नाव घेत असतील. एकानं सांगितलं, बिडी मागत होते. अण्णांनी उभ्या जन्मात बिडी ओढली नव्हती, पण आईनं तीसुद्धा आणायला लावली आणि फोटोपुढं ठेवली. ती जेवत नव्हती. ताट पुढं केलं की ती ताटावरच हात पुढं-मागं करायची. मी तिचा हात धरून ठेवायचे, तो माझ्या हातात तसाच हलत राहायचा. आई आता आपल्यातून जाणार असं मला वाटायला लागलं होतं. अण्णा निदान एका झटक्यात गेले होते. ही माझ्या डोळ्यांसमोर रोज थोडी थोडी जात होती.

आणि मग नानांना अर्थ सापडला. ओसरीवर बसल्या बसल्या ते एकदम म्हणाले, "वैनी, आक्षता हायेत त्या! आक्षता टाकतोय त्यो. पोरीचं लगीन." आईनं हात पुढं केला, मागं आणला, आणि पहिल्यांदाच तिचा हात मध्ये थांबला. "व्हय का?" ती म्हणाली. नानांच्या मेव्हण्याचा मुलगा राहात्याला होता, घरची पेरूची बाग होती, आणि तो विषय नानांनी अण्णांच्या कानावर आधीच घातला होता. अण्णा त्यावर नुसते हसले होते. नाना वाईट नव्हते, हे मी आजही सांगेन. भावाला अग्नी त्यांनी दिला होता, डोक्याचे केस उतरवले होते, आणि उघड्यावर पडलेल्या दोन बायकांचं काय करायचं या काळजीनं त्यांना झोप येत नव्हती. लग्न लावलं की एक काळजी मिटते, होडी विकली की दुसरी. पण मला नाही म्हणताच येईना. हॉस्पिटलातल्या त्या हाताला कोण नाही म्हणणार? आई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत नऊ दिवसांनी जरा धुगधुगी दिसत होती. नाना म्हणाले, "दहाव्याला कळंल. पिंड ठेवून त्याला इचारू. कावळा शिवला की समजायचं, हेच मनात हुतं."

दहावा आला रविवारी. पुण्याच्या कॉलेजातल्या काही मंडळींना अण्णांनी त्या सकाळच्या फेऱ्यांचा शब्द दिला होता, आणि भावाचा शब्द मोडायचा नाही म्हणून नानांनी शकूरचाचांना होडी काढायला सांगितलं. शकूरचाचा इंजिनाचं काम बघायचे. ते सकाळीच सुरू झाले. इकडे घाटावर मांडव, खुर्च्या, अण्णांचा मोठा फोटो, महाराजांचं प्रवचन, मग पुढाऱ्यांची भाषणं. एकानं अण्णांना 'तालुक्याचा शास्त्रज्ञ' म्हटलं. मधूनमधून पंख्याचा आवाज असा यायचा की माईकवरचं काही ऐकू येईना. होडीतली माणसं आमच्याकडे बघून हात हलवत होती, त्यांना इथं जत्रा आहे असं वाटलं असावं. कावळ्यांचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अण्णांच्या होडीनं अण्णांच्या दहाव्याचे सगळे कावळे उडवून लावले, आणि हे आमच्या लक्षात आलं ते गुरुजींनी पिंड ठेवून सगळ्यांना मागं सरकायला सांगितल्यावर.

पिंडाशेजारी आईनं शेंगोळे ठेवले होते, वर तेलाची धार धरून. गोड चहा होता, ती बिडीही होती. आभाळात एक पाखरू नाही. नानांनी हात जोडले. "अण्णा, वैनीला अंतर देनार न्हाई." काही नाही. "अण्णा, शेडला कुलूप लागू देनार न्हाई." काही नाही. मग त्यांनी घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, शीतलचं लगीन मी लावून देतो. राहात्याचं जमवतो. आक्षता मी टाकतो तुझ्या हातच्या." माझं सगळं अंग कानासारखं झालं. मी आभाळाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, येऊ नको, येऊ नको. शेजारी आई पुटपुटत होती, "ये रं बाबा, ये." एकाच आभाळाकडे आम्ही दोघी बघत होतो आणि उलटसुलट मागत होतो. कावळा आला नाही. ऊन चढलं. लोक घड्याळं बघायला लागले, कारण कावळा शिवल्याशिवाय कुणाला घाट सोडता येत नाही. गुरुजी समजुतीनं म्हणाले, "असं होतं कधी कधी. शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करतो आणि तो शिववतो. दोष नाही."

तेव्हा आई उठली. "गवताचा कावळा मला काय सांगनार?" ती म्हणाली. नऊ दिवस न जेवलेलं माणूस एवढ्या मोठ्यानं बोलू शकतं हे मला माहीत नव्हतं. "कावळं गेलं कुटं समदं?" कुणीतरी गाळाच्या पलीकडल्या बेटाकडे बोट दाखवलं. मासेवाले एरवी तिथं मासळी साफ करायचे, पाणी हटल्यापासून त्यांनाही तिथं जाता येत नव्हतं. बेटावरच्या बाभळी काळ्या झाल्या होत्या, इतके कावळे. आईनं पिंडाची पत्रावळ उचलली, शेंगोळ्यांसकट, आणि चालायला लागली. नाना मागं धावले. "वैनी, आवं गाळ हाय तिथं! पायी न्हाई जाता येत." आई थांबली नाही. ती होडीकडेच निघाली होती. पुण्याची माणसं उतरून गेली होती आणि टाकीत एका फेरीपुरतंच उरलं म्हणून शकूरचाचा पेट्रोल आणायला राहुरीला. आईनं माझ्याकडे वळून बघितलं. "शितले, तुला येती न्हवं?" नाना म्हणाले, "पोरगी हाय ती, वैनी. चार मानसांत…" आई म्हणाली, "बसायचं आसंल तर बसा, भाऊजी." ती आयुष्यात पहिल्यांदा होडीत चढली. पाणी दिसू नये म्हणून पुढच्या टोकाला तोंड माझ्याकडे करून खालीच बसली, मांडीवर पत्रावळ घेऊन. नाना बाकावर बसले, माझ्याकडे पाठ करून.

मी अण्णांच्या खुर्चीवर बसले. खुर्ची त्यांच्या मापाची, मी पुढं सरकून बसले तेव्हा कुठं पाय पोचला. आणि मनात आलं ते सांगते. मला वाटलं, सरळ जाऊच नये. मुद्दाम वेळ काढावा, बारा वाजून पिंडाची वेळच टळून जावी. स्वतःच्याच लग्नाचा होकार आणायला मी स्वतःच निघाले होते, आणि अण्णांनीच बनवलेल्या होडीतून. पण समोर आई होती. सुकून गेलेली, दोन्ही हातांनी पत्रावळ धरलेली. मी पाय दाबला. पाणी संपलं, गाळ सुरू झाला, आणि होडी त्या गाळावरून तशीच सरकत गेली. दोन्ही बाजूंनी चक्रवाक उठले, शेकाटे उठले. इतकी पाखरं, आणि त्यांतलं एकही आमच्या कामाचं नव्हतं. बेटाच्या अलीकडे मी पाय काढला. होडी घसरत घसरत गाळातच थांबली. मी इंजिन बंद केलं आणि अण्णांसारखा हात आडवा केला. कावळे कावकाव करत बाभळींवर भिरभिरत होते. आम्ही आहोत हे त्यांना विसरू द्यायचं होतं.

नानांनी पत्रावळ होडीच्या कडेवर ठेवली. बराच वेळ गेला. मग एक कावळा खाली उतरला. गाळावर उड्या मारत आला, मान वाकडी करून बघायला लागला. नानांनी हात जोडले आणि अगदी हळू, रडवेल्या आवाजात म्हणाले, "अण्णा, पोरीचं लगीन. आक्षता. हेच ना रं?" कावळा उडून कडेवर बसला. पत्रावळीपासून वीतभर. आई डोळे मिटून बसली होती. कावळ्यानं चोच खाली केली, वर केली, इकडून तिकडे सरकला. नाना पुन्हा म्हणाले, "हेच ना?" तो उडाला आणि बाभळीवर जाऊन बसला. पुन्हा आला, पुन्हा गेला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. प्रत्येक वेळी मी मेले आणि प्रत्येक वेळी जिवंत झाले, आणि आई मात्र दर खेपेला अजून खचली. शेवटी ती पत्रावळीवर वाकली आणि हंबरडा फोडला. "आवं काय पायजे तुमाला? मला कळत न्हाई वो! मला कळलं न्हाई तुमचं!" तिच्या आवाजानं बेटावरचे सगळे कावळे उठले आणि वर गोल फिरत राहिले. नानांनी तोंड पंच्यात लपवलं. मला वाटलं, संपलं. आज ही आई माझ्याबरोबर परत येणार नाही. शरीर येईल, बाकी इथंच राहील.

मी इंजिन सुरू केलं. पाय दाबला. होडी हलली नाही. एवढा वेळ एका जागी उभी राहिल्यानं गाळानं तिला खालून धरलं होतं. पाय आणखी दाबला, पंखा गर्जायला लागला, होडी नुसती थरथरत होती. नाना वळून काहीतरी ओरडले, ऐकू आलं नाही. खाली उतरायची सोय नव्हती, मदतीला कुणी येऊ शकत नव्हतं. मला रडू फुटलं, आणि घाबरून मी पाय काढणार, तेवढ्यात अण्णांनी एकदाच दाखवलेलं ते आठवलं. डोक्याला नाही, हाताला आठवलं. पाय दाबूनच ठेवायचा आणि डाव्या हातातला दांडा पुढं न्यायचा, मागं आणायचा. पुढं, मागं. म्हणजे होडीचं शेपूट हलतं आणि गाळाची पकड थोडी थोडी सुटते. जोर करायचा नाही, थांबायचंही नाही. पुढं, मागं. पुढं, मागं.

आई माझ्या हाताकडे बघत होती. ती समोर बसली होती, हॉस्पिटलात त्यांच्या समोर बसली होती तशीच. तिचं रडणं थांबलं होतं. तिनं हळूच स्वतःचा उजवा हात उचलला, माझ्या डाव्या हाताबरोबर पुढं नेला, मागं आणला. नऊ दिवस ती आरशात बघितल्यासारखा चुकीचा हात करत होती, आणि अण्णांचा हलत होता तो डावा. मग मलाही कळलं. ते अक्षता टाकत नव्हते. ते माळ ओढत नव्हते. त्यांचं अंग गाळात बसलं होतं आणि अण्णा ते सोडवत होते. पंख्याच्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. आईनं भुवया वर करून मला खुणेनं विचारलं, हेच? मी मान हलवली. हेच.

तेवढ्यात होडीला एक हिसका बसला आणि ती सुटली. कडेवरची पत्रावळ घसरून गाळात पडली. थांबता येत नव्हतं, मागं जाता येत नव्हतं. मी पाय दाबून ठेवला आणि काठाकडे वळले. मला मागं बघता आलं नाही, बघितलं असतं तरी जाळी आणि फिरणारा पंखा याशिवाय काही दिसलं नसतं. नाना पुढं काठाकडे बघत बसले होते. आई तेवढी मागं बघत होती. माझ्या खांद्यावरून, पंख्याच्या पलीकडे, बेटाकडे.

घाटावर सगळे उभेच होते. गुरुजी दोन पायऱ्या खाली आले. "शिवला का?"

"शिवला," आई म्हणाली.

नानांनी चमकून तिच्याकडे बघितलं. "कवा, वैनी? मी तर न्हाई बघितलं."

"तुमी पुढं बघत हुता, भाऊजी."

गुरुजींनी विचारायचं म्हणून विचारलं, "कशावर शिवला?"

"पोरगी होडी सोडवत हुती, तवा."

मग ती नानांच्या जवळ गेली आणि तिनं त्यांना हात करून दाखवला, या वेळी डावा. "ते काई सांगत न्हवते, भाऊजी. काई मागत न्हवते. सुटायला बघत हुते." नाना त्या हाताकडे बघत राहिले. अण्णांच्या होडीत ते कितीदा बसले होते, पण पुढं तोंड करून; मागचा तो हात त्यांनी कधी बघितला नव्हता. ते पायरीवर खाली बसले, आणि अग्नी देतानाही जे रडले नव्हते ते सगळं तिथं रडले. "लई तरास झाला आसंल गं त्याला," एवढंच म्हणत होते. राहात्याचं नाव त्या दिवसानंतर आमच्या घरात कुणी काढलं नाही, आणि होडी विकायचंही नाही. पुढं माझे कान त्या पंख्यानंच खाल्ले. डॉक्टर विचारतात, एवढ्या आवाजात कशाला काढलीत इतकी वर्षं? मी हसते.

कावळा खरंच शिवला का, हे मी आईला कधी विचारलं नाही. ती असेपर्यंत विचारता आलं असतं, पण विचारलं नाही. पंख्याच्या जाळीतून तिला किती दिसलं असेल ते तिलाच माहीत.

पाहुणे गेले, मांडव उतरला. शेडमध्ये आवाज नव्हता, ग्राइंडर नव्हता, टाचणी पडली तर ऐकू यावी असं घर. मी ओसरीवर बसले होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, नुसती हाक मारली असती तरी ऐकू आली असती. तिनं दोन तळवे एकमेकांवर थापले.